केमो झेपेल का? एका प्रश्नाचा इतिहास

फुलचूर आता गोंदिया शहराला इतकं लागून आहे की गाव कुठं संपलं आणि शहर कुठं लागलं हे बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही. तिथल्या एका घरात मी दोन पावसाळ्यांपूर्वी बसले होते. घरातल्या आपा आमच्या लांबच्या नात्यातल्या. वय पंचावन्नच्या पुढचं, दहा-बारा वर्षांची शुगर. स्तनातली गाठ नागपूरला ऑपरेशन करून काढली होती. काखेतल्या गाठींमध्येही आजार सापडला होता, म्हणून डॉक्टरांनी केमो सांगितली होती. ती घ्यायची की नाही यावर घरात बैठक बसली होती.

‘शुगर है, खून कम है, वजन देखो कितना रह गया. झेपेगा नई अम्मी को,’ थोरला मुलगा म्हणाला.

‘ताकद की दवा देना छोड़ के कमजोरी की सुई कायको देना?’ हे मामू.

डॉक्टरांना विचारलं का, असं मी म्हटलं. ‘डॉक्टर तो बोलतेच हैं, उनका कामच है.’ आपा स्वतः काही बोलत नव्हत्या. त्यांच्या शरीराबद्दल त्या सोडून सगळे बोलत होते, आणि हे आपल्या घरांमध्ये नवीन नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, डॉक्टर नाही. पण ‘झेपेल का’ हा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटला नाही. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की गेली ऐंशी वर्षं जगातले मोठे डॉक्टर हाच प्रश्न विचारत आले आहेत. आणि त्या इतिहासाचं एक महत्त्वाचं पान आपल्या मुंबईत, गरीब मुसलमान बायांच्या रक्तावरून लिहिलं गेलं आहे. ते पान आपल्यालाच माहीत नाही.

आधी शब्दाबद्दल दोन ओळी, सवयीप्रमाणे. उर्दूत या आजाराला सरतान म्हणतात. अरबीत सरतान म्हणजे खेकडा. मराठीत कर्करोग, आणि कर्क म्हणजेही खेकडा. कर्क राशीला आपल्या जुन्या लोकांनी बुर्ज-ए-सरतान म्हटलंय ते याच अर्थाने. ग्रीकांनीही खेकड्यावरूनच नाव ठेवलं होतं. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून. म्हणजे हे नाव पडलं तेच बहुधा स्तनाच्या गाठीवरून, कारण शरीराच्या बाहेरून दिसणारी गाठ तीच.

इसवी सन १००० च्या आसपास कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावींनी आपल्या ‘अल-तसरीफ’ या ग्रंथात या गाठीबद्दल लिहिलंय. गाठ लहान असेल आणि पूर्ण काढता येईल अशा जागी असेल तर कापा, स्तनातली असेल तर विशेष करून. पण जुनी आणि मोठी झाली असेल तर हात लावू नका. मी स्वतः अशी एकही बाई बरी करू शकलो नाही आणि दुसऱ्या कुणी केलेली पाहिली नाही, असं त्यांनी स्पष्ट कबूल केलंय. आपल्याकडे अल-जहरावींचं नाव घेऊन ‘सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं सांगणारे मेसेज फिरतात. मला त्यांचा हा कबुलीचा भाग जास्त मोठा वाटतो. इब्न सीनांनीही लवकर सापडलेल्या गाठीलाच हात लावण्याचा सल्ला दिला. गाठ शरीरात पसरली की काय करायचं, याचं उत्तर पुढची साडेनऊशे वर्षं कुणाकडेच नव्हतं. चाकू पोचतो तिथपर्यंतच इलाज.

उत्तर आलं ते विषातून. ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते, पण तिच्यातली मुद्द्याची ओळ बहुतेक वेळा सुटते.

पहिल्या महायुद्धात १९१७ साली जर्मन सैन्याने मस्टर्ड गॅस वापरला. कातडी भाजते, डोळे जातात, फुफ्फुसं जळतात हे सगळ्यांना दिसलं. १९१९ साली एडवर्ड आणि हेलन क्रुंभार या अमेरिकन डॉक्टर जोडप्याने गॅसने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात आणखी एक गोष्ट नोंदवली. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि त्या पेशी जिथं तयार होतात ती अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला गर, ओस पडला होता. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. जंतू आत शिरला की आधी त्या धावतात. ही नोंद वीसेक वर्षं तशीच पडून राहिली.

१९४२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन युद्धखात्यासाठी याच विषाच्या एका भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, काम करत होते. त्यांनी उलटा विचार केला. हे विष पांढऱ्या पेशी मारतं. मग ज्या कर्करोगात या जातीच्याच पेशी बेसुमार वाढतात तिथं ते दिलं तर? त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका रुग्णाला ते शिरेतून दिलं. मानेच्या, छातीच्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. पण पांढऱ्या पेशीही खाली गेल्या. गाठी परत आल्या आणि काही महिन्यांत तो माणूस गेला. युद्धाचं गुपित म्हणून हे १९४६ पर्यंत छापलंसुद्धा नाही.

मधल्या काळात, २ डिसेंबर १९४३ ला, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले. तिथं उभ्या ‘जॉन हार्वे’ या अमेरिकन जहाजात गुपचूप आणलेले मस्टर्डचे सुमारे २००० बाँब होते. विष पाण्यातल्या तेलात मिसळलं आणि सहाशेहून जास्त माणसं दवाखान्यात आली. स्टुअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टरने तिथंही तेच पाहिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पांढऱ्या पेशी कोसळत होत्या.

सुटणारी ओळ ती हीच. आज आपण ज्याला केमोचा साइड इफेक्ट म्हणतो, पेशी कमी होणं, प्रतिकारशक्ती जाणं, त्यातूनच केमो जन्मली. औषध आधी सापडलं आणि त्याचा दोष मागाहून कळला, असं झालं नाही. दोष आधी दिसला, आणि त्यालाच कुणीतरी औषध केलं. झपाट्याने वाढणारी पेशी मारायची हा या औषधांचा धर्म. कर्करोगाची पेशी झपाट्याने वाढते, तशीच अस्थिमज्जेतली, केसांच्या मुळातली, तोंडाच्या आतल्या अस्तरातलीही वाढते. औषधाला दोन्हींतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे मामूंचं ‘कमजोरी की सुई’ हे वर्णन तसं चुकीचं नव्हतं.

आता मुंबईचं पान.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. मार्गारेट बाल्फर यांनी सुरू केलेल्या बाळंतिणींच्या मृत्यूंच्या चौकशीत त्यांना काम होतं. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या आणि मरत होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या. कारण कळत नव्हतं. विल्सबाईंनी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग कोण काय खातं ते बघायला सुरुवात केली. या आजाराने सर्वात जास्त ग्रासलेल्या बाया गरीब मुसलमान घरांतल्या होत्या आणि त्यांचंच जेवण सर्वात निकृष्ट होतं. भाजी, फळं, दूध ताटात जवळजवळ नाहीच.

त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला. मार्माइट नावाने तो बाजारात मिळायचा, स्वस्त. बाया सुधारल्या. काही दिवसांत रक्त वाढायला लागलं. १९३१ साली त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्याच वर्षी त्या मद्रासच्या ‘कास्ट अँड गोशा’ रुग्णालयातही काम करत होत्या. गोशा म्हणजे पडदा. पडद्यातल्या बायांसाठीचं ते रुग्णालय. यीस्टमधल्या त्या अनामिक गोष्टीला पुढे बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालकाच्या भाजीतून ती वेगळी काढली गेली आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिचं नाव पडलं फोलिक अॅसिड. आज गावागावात आशाताई गरोदर बायांना ज्या लाल गोळ्या वाटतात त्यात लोहाबरोबर हेच असतं.

मग बोस्टनमधले मुलांच्या आजारांचे पॅथॉलॉजिस्ट सिडनी फार्बर यांच्या मनात आलं की फोलिक अॅसिडने रक्त वाढतं तर रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते द्यावं. दिलं, आणि आजार आणखी भडकल्यासारखा वाटला. फार्बर थांबले आणि उलट्या बाजूने निघाले: या पेशींना फोलिक अॅसिड लागतं, तर त्यांच्या तोंडचं ते काढून घेतलं तर? फोलिक अॅसिडसारखंच दिसणारं पण काम न करणारं, पेशीला फसवणारं औषध हवं होतं. ते तयार झालं लेडर्ली कंपनीत, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या औषधाने १९४७-४८ मध्ये १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये गेले, वय अवघं ५३. त्या औषधाचं पुढचं रूप म्हणजे मेथोट्रेक्सेट. स्तनाच्या कर्करोगाच्या पहिल्या यशस्वी केमोमधल्या तीन औषधांपैकी ते एक.

मुंबईतल्या ज्या बायांचं रक्त अन्नावाचून आटत होतं, त्यांच्यामुळे कळलं की रक्ताच्या पेशीला वाढायला काय लागतं. आणि काय लागतं ते कळलं म्हणून काय रोखायचं ते कळलं. त्या बायांची नावं कुठल्या कागदावर नाहीत. मला उगाचच वाटत राहतं की त्यांतली एखादी आपल्याच कुणाच्या तरी पणजीची बहीण असेल. विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून गिरणीत गेलेली माणसं कमी नव्हती.

स्तनाच्या कर्करोगाकडे केमो यायला आणखी पंचवीस वर्षं लागली. शल्यविशारदांचा दरारा होता. हॉलस्टेडच्या पद्धतीने स्तन, खालचा स्नायू, काखेतल्या गाठी सगळं खरवडून काढायचं आणि संपलं म्हणायचं. पण काही वर्षांनी तोच आजार हाडात, यकृतात उगवायचा. म्हणजे ऑपरेशनच्या आधीच बारीक पेशी रक्तातून पसरलेल्या असायच्या. मग ऑपरेशननंतर, डोळ्यांना काही दिसत नसताना औषध द्यावं का? बरी दिसणारी बाई विष देऊन आजारी का पाडायची, असा आक्षेप होता. तो आपल्या मामूंचाच होता, फक्त इंग्रजीत.

हे धाडस इटलीतल्या मिलानने केलं. जियानी बोनाडोना यांनी १९७३ साली, काखेत आजार पोचलेल्या बायांवर, सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुरोयुरॅसिल ही तीन औषधं वर्षभर देऊन पाहिली. १९७६ मध्ये निकाल छापला. साधारण सव्वादोन वर्षांत नुसत्या ऑपरेशनवाल्या १७९ बायांपैकी २४ टक्क्यांना आजार परतला, आणि औषध घेतलेल्या २०७ पैकी ५.३ टक्क्यांना. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

१९८१ साली बोनाडोनांनी आपल्या नोंदी परत उघडल्या आणि एक अडचणीची गोष्ट दाखवली. ज्यांना ठरलेल्या मात्रेच्या निदान ८५ टक्के औषध मिळालं त्यांना खरा फायदा झाला होता. ज्यांची मात्रा खूप कमी केली गेली त्यांना फारसा नाही. मात्रा कमी का केली होती? बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी खाली गेल्या म्हणून, किंवा वय जास्त, बाई अशक्त म्हणून. ही मागे वळून केलेली मोजणी आहे आणि तिच्यावर वाद झाले. पण प्रश्नाचं तोंड तिने बदललं. अशक्त बाईला अर्धं-मुर्धं औषध देणं ही दया नसूही शकते. त्रास पूर्ण आणि लाभ अर्धा, असं होऊ शकतं. मग पूर्ण मात्रा देऊन तिला जगवायचं कसं?

इथून सुरू होते ती केमोच्या इतिहासाची दुसरी बाजू. हिच्यावर सिनेमा निघत नाही, पण आपांचा जीव हिच्यावर होता.

१९६६ साली जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रक्ताच्या कर्करोगाच्या ५२ रुग्णांच्या पेशी आणि त्यांना झालेले जंतुसंसर्ग शेजारी शेजारी मांडले. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये १००० च्या खाली गेल्या की धोका वाढतो. १०० च्या खाली गेल्या, आणि तशाच बरेच दिवस राहिल्या, तर फार वाढतो. म्हणजे ‘अशक्त’ या ढोबळ शब्दाला आकडा मिळाला. बाई किती बारीक दिसते यापेक्षा तिचे पहारेकरी किती आहेत आणि किती दिवस गैरहजर आहेत हे मोजा. केमोच्या रिपोर्टवर आज एएनसी म्हणून जो आकडा असतो तो हाच. ५०० च्या खाली आणि ताप, म्हणजे तातडी.

तोपर्यंत रीत अशी होती की ताप आला की रक्त तपासायला द्यायचं, जंतू कोणता ते कळेपर्यंत दोन-तीन दिवस थांबायचं आणि मग औषध. पहारेकरीच नसलेल्या शरीरात दोन दिवस म्हणजे खेळ खलास. १९७१ साली बाल्टिमोरमध्ये स्टीफन शिंफ यांनी न थांबता, ताप आल्याबरोबर दोन अँटिबायोटिक शिरेतून सुरू करण्याची पद्धत छापली. आज ती जगभर चालते. जगाच्या दृष्टीने लहानसा बदल. पण केमो घेणाऱ्या किती बाया केवळ ‘थांबायचं नाही’ या एका नियमामुळे घरी परतल्या असतील!

मग पेशी वाढवणारं इंजेक्शन. मेलबर्नचे डोनाल्ड मेटकाफ १९६० च्या दशकापासून शोधत होते की अस्थिमज्जेला ‘पेशी बनवा’ हा हुकूम कोण देतं. १९८३ मध्ये उंदरातला तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती आला, १९८६ मध्ये माणसातला बनवता आला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये फिलग्रास्टिम नावाने अमेरिकेत मंजूर झाला. केमोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोटाच्या कातडीत जी सुई देतात ती हीच. सुरुवातीला फार महाग होती. भारतीय कंपन्या बनवायला लागल्यावर आवाक्यात आली.

थोडं आडवळण. स्तनाच्या केमोमधलं ते लाल औषध, जे घेतलं की लघवी लाल होते आणि बाया घाबरतात, त्याचं मूळ बारी शहरापासून फार लांब नाही. तेराव्या शतकातल्या कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळच्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, त्याच्यापासून हे कूळ निघालं. किल्ला बांधणारा राजा फ्रेडरिक दुसरा, ज्याच्या दरबारात अरबी विद्वान होते आणि सैन्यात मुसलमान शिपाई. शेजारच्या एड्रिएटिक समुद्रावरून औषधाला एड्रियामायसिन नाव पडलं. एकाच किनाऱ्याने विषाची बातमीही दिली आणि औषधही दिलं. हे औषध हृदयाला जड जातं, म्हणून आधी इको काढतात.

हे सगळं धडधाकट बाईचं. जिची प्रतिकारशक्ती मुळातच कमी आहे तिचं काय?

एचआयव्हीने हा प्रश्न ऐरणीवर आणला. ज्यांचे पहारेकरी आजाराने आधीच मारलेत त्यांना केमो कशी देणार? एके काळी उत्तर नकाराचंच असायचं. भारतात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळायला लागली आणि चित्र बदललं. आता नुसत्या एचआयव्हीमुळे केमो नाकारायची नाही, असंच वैद्यक सांगतं. मात्र औषधांची एकमेकांशी जुळणी बघावी लागते. एचआयव्हीवरचं जुनं झिडोव्ह्युडिन स्वतःच अस्थिमज्जेला दाबतं, तेव्हा ते बदलून घ्यावं लागतं. रिटोनाव्हिरसारखी औषधं काही केमो शरीरात साठवून ठेवतात. दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोलले तरच हे होतं, आणि दोन्हीकडच्या चिठ्ठ्या बाईने दाखवल्या तरच. लाजेने एक चिठ्ठी घरी ठेवणाऱ्या बाया असतात. ती लाज जिवावर बेतू शकते.

हिपॅटायटिस-बीचंही तसंच. यकृतात वर्षानुवर्षं गप्प बसलेला विषाणू प्रतिकारशक्ती खाली गेली की उठतो. म्हणून केमोआधी साधी रक्ततपासणी करतात, आणि निघाला तर गोळ्या सुरू करून मग केमो देतात. जुना क्षयही असाच उठू शकतो. शुगरवाल्या बाईच्या पांढऱ्या पेशी संख्येने असल्या तरी कामात मंद असतात, आणि उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या डेक्सामेथासोनने शुगर आणखी चढते. आपांच्या मुलाची भीती खरी होती ती इथं.

आणि आपल्या भागाची खास गोष्ट, सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. तेव्हापासून गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा पट्टा त्यासाठी ओळखला जातो. १ जुलै २०२३ ला शहडोलहून देशभराची सिकलसेल मोहीमही सुरू झाली. ज्यांना हा आजार आहे त्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, म्हणजे एक पहारा कायमचाच उठलेला. शिवाय वर सांगितलेली पेशी वाढवणारी सुई अशा रुग्णात सिकलचा झटका आणू शकते, तो जीवघेणाही ठरू शकतो. औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा छापलेला असतो. परदेशातल्या पुस्तकात ही कोपऱ्यातली ओळ. गोंदियात ती पहिल्या पानावर हवी. तुमच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर केमोच्या डॉक्टरांसमोर ते पहिल्यांदा ठेवा.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या स्मृतीसाठी. शेजारच्या कर्करोग संशोधन केंद्रात पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाचा कर्करोग घराण्यातून कसा येतो यावर उंदरांवर आयुष्यभर काम केलं. याच रुग्णालयात १९८३ साली सुरेश अडवाणींनी अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण केलं, देशातलं पहिलं यशस्वी. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारा हा माणूस. ‘झेपेल का’ हे त्यांनाही कुणीतरी विचारलं असणारच. आणि २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी घराबाहेर पडूच नये असं सगळे म्हणत होते, तेव्हा टाटाने उपचार चालू ठेवले. प्रमेश आणि बडवे या तिथल्या डॉक्टरांनी त्याबद्दल परदेशी नियतकालिकात लिहिलंही. कोविडचा धोका होता, पण केमो थांबवण्याचा धोकाही मोजायचा होता.

गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्सप्रेस सुटते, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरवते. त्या गाडीत फायली घेऊन बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आता नागपूरलाच बरंच होतं आणि महात्मा फुले योजनेत केमो बसते, त्यामुळे तो प्रवास कमी झालाय. गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ताप आला तर पहिली सुई इथं लागू शकते.

हे सगळं मी आपांच्या घरी एका बैठकीत सांगितलं नाही. तीन-चार फेऱ्या झाल्या. शेवटी मुलगा आईला घेऊन परत नागपूरला गेला आणि या वेळी विचारलं. डॉक्टरांनी केमो दोन आठवडे पुढे ढकलली. आधी इन्सुलिनने शुगर आटोक्यात आणली, इको काढला, हिपॅटायटिसची तपासणी केली, दाढेतला जुना पू काढायला लावला. हेही मान्य करायला हवं की कधी कधी ‘झेपणार नाही’ हेच खरं उत्तर असतं. वय फार असतं, हृदय दमलेलं असतं, किंवा गाठ हार्मोनवर वाढणारी असते आणि रोजच्या गोळीवर भागतं. पण ते उत्तर मोजून यावं, बैठकीतून नाही.

घरात दोन गोष्टींवर खटके उडाले. एक इयादत. आजाऱ्याला भेटायला जाणं सवाबचं काम, आणि आमच्या मोहल्ल्यात तर एकेका वेळी बारा-पंधरा जणी, कडेवर शेंबडी पोरं. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पेशी सर्वात खाली असतात. तेवढे दिवस दारातूनच सलाम करा म्हटलं तर दोन फुफ्या रुसल्या. मी त्यांना आठवण करून दिली की साथीच्या गावात शिरू नका आणि तिथून निघू नका ही शिकवण आपल्याकडे पहिल्यापासून आहे. एक मानली, एक अजून रुसलेली आहे. दुसरी गोष्ट दम केलेल्या पाण्याची. पाणी द्या, पण आधी उकळा आणि मग दम करा. मौलवीसाहेबांना विचारलं तर ते हसून म्हणाले, दुआ उकळत नाही, जंतू उकळतात. आपांना रमजानच्या रोज्यांचीही काळजी होती. बीमाराला सूट आहे हे त्यांना माहीत होतं, फक्त ती सूट आपल्यासाठीही आहे हे मनाला पटत नव्हतं. तेही मौलवीसाहेबांनीच सांगितलं.

तिसऱ्या सायकलनंतर दहाव्या दिवशी रात्री अकराला मुलाचा फोन आला. ताप १०१. सकाळपर्यंत पाहू का? मी म्हटलं, १०० पॉइंट ४ च्या वर थांबायचं नाही असं तूच वहीत लिहून घेतलं होतंस. त्याने पॅरासिटामोल दिली नाही, कारण तीही लिहून घेतलेली गोष्ट होती: ताप दाबला की कळत नाही. अर्ध्या तासात ऑटोने दवाखाना गाठला. एएनसी ३०० निघाला. रात्रीच अँटिबायोटिक सुरू झालं. पाचव्या दिवशी आपा घरी आल्या. पुढच्या सायकलपासून पेशींची सुई जोडली गेली आणि मात्रा कमी करावी लागली नाही.

थर्मामीटर त्यांनी पानाच्या डब्यात ठेवला होता, हाताशी असावा म्हणून. मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका बाईची केमो सुरू झाली, तेव्हा तिचा मुलगा तो मागून घेऊन गेला. आपांनी त्याच्याबरोबर वहीचं ते पानही फाडून दिलं.